मी फक्त ‘धरावे’ म्हणालो होतो



‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकलेला आहे. कोणी निरोप फिरवून सांगितला किंवा कागदावरचा शब्द बदलला, की आपण म्हणतो, ‘त्याने ध चा मा केला.’ शाळेत मुले त्याचा अर्थ पाठ करतात आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतात. परंतु या दोन अक्षरांच्या मागे एका अठरा वर्षांच्या मुलाचा खून आहे. गादीसाठी एकाच घरात पेटलेला झगडा आहे. आणि त्यात एक प्रश्न दडलेला आहे, जो आपल्यापैकी प्रत्येकाने कधी तरी स्वतःला विचारायला हवा.

तो प्रश्न असा : एखादे वाईट कृत्य दुसऱ्याच्या हातून घडले, आपण तसे करायला सांगितले नव्हते, पण त्याचा फायदा मात्र आपल्या पदरात पडला, तर आपला दोष किती?

प्रश्न राजवाड्यातला वाटतो. पण तो आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो, हे शेवटी दिसेलच.

काका आणि पुतण्या

पानिपतानंतर १७६१ साली माधवराव पेशवे गादीवर आले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांचे काका रघुनाथराव हे पराक्रमी सेनापती. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत मराठी फौजा घेऊन गेलेले. अशा माणसाला पोरवयाच्या पुतण्याच्या हाताखाली राहणे जड गेले. वाटणीची मागणी सुरू झाली, फौजा जमल्या, आणि काका-पुतण्या समोरासमोर उभे राहिले. त्यातली निर्णायक लढाई आपल्यापासून फार दूर झालेली नाही. पिंपळनेरहून ताहाराबाद-सटाण्याच्या वाटेने दक्षिणेला गेले, की पुढे देवळा-चांदवडच्या डोंगरांत धोडपचा किल्ला लागतो. तेथे जून १७६८ मध्ये माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका त्याच वाड्यात कैदेत होते.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी शिपाई भर दिवसा शनिवारवाड्यात घुसले. त्यांच्या पुढे सुमेरसिंग होता. नारायणराव जीव मुठीत घेऊन धावला, तो थेट काकांच्या दालनात. त्याने काकांना मिठी मारली आणि प्राणांची भीक मागितली. ‘काका, मला वाचवा’ ही त्याची हाक लोकांच्या स्मरणात अजून आहे. तुळाजी पवार नावाच्या नोकराने त्याला काकांपासून ओढून काढले. चापाजी टिळेकर नावाचा दुसरा एक नोकर हातात शस्त्र नसताना धन्याच्या अंगावर पडला, आपल्या देहाने त्याला झाकू लागला. गारद्यांनी दोघांनाही तोडले.

पुढे रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यांच्या बाजूने सांगितली गेलेली गोष्ट अशी : त्यांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावास ‘धरावे’ असे लिहिले होते. त्यांची पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले.

रंगमंचावरचे अक्षर

ही अक्षर बदलल्याची कथा परंपरेने चालत आली. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ याने १८२६ साली आपल्या ग्रंथात ती नोंदवली. सगळेच अभ्यासक ती खरी मानतात असे नाही. पण मराठी नाटकाने आणि चित्रपटाने ती घराघरांत पोहोचवली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली याच प्रसंगावर ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले. प्रभात कंपनीने १९४४ साली ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला, त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री झाले होते. गावोगावच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत या प्रसंगाचे प्रवेश होत असत. आपल्यातील जुन्या मंडळींना ते आठवत असतील.

नाटक पाहून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनात काय उरते? पुष्कळदा आनंदीबाईची लेखणी उरते. आपण म्हणतो, ‘बाईने घात केला.’ मग रघुनाथराव कोण ठरतात? बायकोच्या कारस्थानात सापडलेला एक दुबळा, थोडासा लोभी, पण खुनी नसलेला माणूस. एका अक्षराने त्यांच्यावरचा सगळा भार उतरतो.

आनंदीबाई निर्दोष होत्या असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की ही कथा आपल्याला इतकी का आवडते? मला वाटते, ती आपल्यालाही उपयोगी पडते म्हणून. ‘मी फक्त धरावे म्हणालो होतो’ हे वाक्य आपल्यालाही हवे असते.

दाराखालचा उजेड

असाच एक प्रसंग इंग्लंडच्या इतिहासात आहे. तेथे दोन राजघराण्यांत तीस वर्षे गादीचे युद्ध चालले होते. १४८३ च्या एप्रिलमध्ये चौथा एडवर्ड राजा मरण पावला. त्याचा मुलगा पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा, दुसरा मुलगा रिचर्ड नऊ वर्षांचा. त्यांचा सांभाळ करण्याचे काम काकाकडे आले. काकाने दोघांना लंडनच्या बुरुजात ठेवले आणि जुलै महिन्यात तिसरा रिचर्ड म्हणून स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. त्यानंतर ती मुले कोणाला दिसली नाहीत. त्यांचे नेमके काय झाले, यावर आजही वाद आहे.

फ्रान्सचा चित्रकार पॉल दलारोश याने १८३० च्या सुमारास त्या मुलांचे चित्र काढले. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दोघे भाऊ पलंगावर एकमेकांना बिलगून बसले आहेत. त्यांचा छोटा कुत्रा मान वळवून दाराकडे पाहतो आहे. दाराच्या फटीतून उजेड येतो आहे. बाहेर कोणी तरी उभे आहे. बस्स, एवढेच. काका चित्रात नाही, सुरा नाही, रक्त नाही.

या चित्राची खुबी अशी, की ते कोणाचेही नाव घेऊन आपल्याला मोकळे करीत नाही. दारामागे कोण, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या माथी बसतो. आपल्या ‘ध चा मा’ने तो प्रश्न मिटवून टाकला. दलारोशने तो तसाच ठेवला.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. कलावंत जे दाखवतो ते सगळे खरेच असते असे नाही. तिसऱ्या रिचर्डला दुष्ट ठरवणारे आरंभीचे एक मोठे लेखन आपल्याला प्रिय असलेल्या एका संताचे आहे. ते म्हणजे संत थॉमस मोअर. ते त्या वेळी लहान बालक होते, आणि पुढे ज्या कार्डिनल मॉर्टन यांच्या घरी त्यांचे संगोपन झाले ते रिचर्डचे विरोधक होते. रिचर्डला रणात मारून जे घराणे गादीवर आले, त्याच्या राज्यात त्यांनी ते लिहिले. शेक्सपिअरचे नाटकही त्याच घराण्याच्या काळातले. जिंकलेल्याची बाजू कलेत शिरते, हे लक्षात ठेवून दुसऱ्याचा न्याय करावा.

नाबोथाचा मळा

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहाब राजाची गोष्ट आहे. राजवाड्याशेजारी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तो हवा होता. नाबोथ म्हणाला, ही माझ्या वाडवडिलांची जमीन, मी देणार नाही. राजा रुसून तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. तेव्हा त्याची राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करवून ठार केले.

पाहा, हीही बायकोने लिहिलेल्या कागदाचीच गोष्ट आहे! आहाबने ‘मारा’ म्हटले नव्हते. त्याने तर ‘धरा’सुद्धा म्हटले नव्हते. तो नुसता रुसून बसला होता. नाबोथ मेल्याचे कळल्यावर तो फक्त उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला गेला.

देवाने एलिया संदेष्ट्याला कोणाकडे पाठवले? मळ्यात उभ्या असलेल्या आहाबकडे. ईजबेलच्या वाट्याचा न्यायही सांगितला गेला. पण खून आणि ताबा या दोन्हींचा जाब आहाबला विचारला गेला. कागद कोणी लिहिला ही चौकशी देवाने तेथे केली नाही. मळ्यात कोण उभा आहे, हे पाहिले.

पुण्यातही एक एलिया निघाला. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश. मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्यांनी खुनाची चौकशी केली आणि धागा रघुनाथरावांपर्यंत पोहोचला. प्रायश्चित्त काय, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. जो माणूस राज्य चालवत होता त्याच्या तोंडावर हे सांगितले आणि पुणे सोडून ते वाईकडे निघून गेले. त्यांच्यासमोरही ‘धरावे’चा बचाव होताच. तो त्यांनी पुरेसा मानला नाही.

तीन कसोट्या

कोणी म्हणेल, ‘हा अन्याय आहे. धरायला सांगणे आणि मारायला सांगणे यात फरक नाही का?’ आहे. ख्रिस्तसभासुद्धा आपल्याला शिकवते, की पापात हेतू महत्त्वाचा असतो. न कळत झालेले आणि ठरवून केलेले एका मापाने मोजता येत नाही. म्हणून ‘हेतू तसा नव्हता’ असे म्हणणाऱ्याला एकदम खोटा ठरवू नये. पण त्याला तीन प्रश्न विचारावेत, आणि हेच तीन प्रश्न आपण स्वतःलाही विचारावेत.

पहिला प्रश्न आधीचा. काय होऊ शकेल याचा अंदाज मला होता का? पगार थकल्याने चवताळलेल्या हत्यारबंद लोकांना राजवाड्यात शिरून राजाला धरायला सांगायचे, आणि मग रक्त सांडले म्हणून नवल करायचे, हे पटण्यासारखे नाही.

दुसरा प्रश्न त्या क्षणाचा. माझ्या डोळ्यांदेखत ते घडू लागले तेव्हा मी काय केले? नारायणरावाचे हात काकांच्या कमरेभोवती होते. त्या क्षणी कोणतेही अक्षर बदललेले नव्हते. तेथे दोन माणसे होती. एक पराक्रमी सेनापती, ज्याने तलवारीने मुलूख जिंकले होते. दुसरा चापाजी टिळेकर, एक साधा नोकर, ज्याच्या हातात काही नव्हते. पुतण्याला वाचवण्यासाठी त्यातला कोण पडला, हे इतिहासाने लिहून ठेवले आहे. नाटक पाहताना आपण चापाजीकडे फारसे पाहत नाही. पाहायला हवे. काहीच करता येत नव्हते, या सबबीला त्याने आपल्या देहाने उत्तर दिले आहे.

तिसरा प्रश्न नंतरचा, आणि सर्वांत कठीण. जे मिळाले ते मी ठेवून घेतले का? रघुनाथरावांचा हेतू खरोखर तेवढाच असता, तर पुतण्याच्या रक्ताने मिळालेली गादी त्यांना भाजली असती. त्यांनी वस्त्रे स्वीकारली. माझ्या मते ‘धरावे’ की ‘मारावे’ याचे उत्तर चिठ्ठीत शोधायचे कारण नाही. ते या तिसऱ्या प्रश्नात मिळते. माणसाचा खरा हेतू पुष्कळदा कृत्यानंतर कळतो.

आहाबचेच पाहा. एलियाचे शब्द ऐकून त्याने गोणपाट नेसले, उपास केला, तो नम्र झाला. देवाने त्याची नम्रता पाहिली आणि त्याच्यावरचा कोप पुढे ढकलला. पण नाबोथाचा मळा त्याच्या घरच्यांना परत दिल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. याउलट संत लूककृत शुभवर्तमानातील जक्कय. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले, की ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करीन. त्याने सबबी सांगितल्या नाहीत. कर गोळा करायचा हुकूम रोमचा होता, मी फक्त गोळा करीत होतो, असे तो सहज म्हणू शकला असता.

रामशास्त्र्यांनी देहान्त सांगितला. आपला प्रभू पाप्याचा देह मागत नाही, मळा परत दे म्हणतो. कधी कधी आपल्याला हे देहान्ताहूनही अवघड वाटते.

भाऊबंदकीचा भुर्दंड

गादी परत न देण्याची किंमत पुढे कोणी भरली? नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर तिला मुलगा झाला. गादीचा वारस आला आणि कारभाऱ्यांनी रघुनाथरावांना दूर सारले. तेव्हा ते मुंबईच्या इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला. फौजेच्या मदतीच्या बदल्यात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. त्या मुलखातील गावांना, त्यांत आपल्या धर्मबांधवांची किती तरी गावे होती, कोणी विचारले नाही. युद्ध सात वर्षे चालले. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला वारले. त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

आपल्या खानदेशाने तर दुसऱ्या एका भाऊबंदकीचा मार खाल्ला. तुकोजी होळकर १७९७ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलांत गादीचा झगडा लागला. त्यात शिंदे पडले, पेशवे पडले, दोन भाऊ प्राणास मुकले. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, आणि गावेच्या गावे ओस पडली. ज्यांनी नांगर सोडून कधी तलवार धरली नाही, ज्यांना गादी कोणाची याच्याशी देणेघेणे नव्हते, ती माणसे मेली. भावांच्या भांडणात पहिला बळी नेहमी भांडणाबाहेरच्या माणसाचा जातो. आज घरातल्या भांडणात तो मुलांचा जातो.

आपला बांध

आपल्याकडे गादी नाही. पण सातबारा आहे, विहिरीच्या पाण्याची पाळी आहे, वडिलांच्या मागे राहिलेले घर आहे. म्हणूनच ‘भाऊबंदकी’ हा शब्द नाटकाच्या नावापेक्षा आपल्या तोंडी जास्त असतो.

समजा, धाकटा भाऊ अकाली गेला. त्याची बायको लहान लेकरांना घेऊन माहेरी गेली. थोरल्या भावाने कोणाला सांगितले, ‘कागद जरा नीट करून घ्या.’ कागद नीट झाले आणि त्यांतून त्या लेकरांची नावे गेली. विचारले तर थोरला म्हणतो, ‘मी तसे सांगितले नव्हते. ज्याने लिहिले त्याला विचारा.’ बहिणीची सही घ्यायची आहे. तिला कागद वाचून दाखवला नाही. भाऊ म्हणतो, ‘मी कुठे फसवले? तिनेच सही केली.’ आणि पुष्कळ घरांत शेवटी दोष सुनेवर जातो. ‘तिने घर फोडले, आम्ही भाऊ-भाऊ तर चांगले होतो.’ आनंदीबाई आपल्याला घरोघरी सापडते. राघोबा मात्र कोणाच्याच घरी सापडत नाही!

मळ्यात कोण उभा आहे? त्या जमिनीत यंदा कोणी पेरले, त्या विहिरीचे पाणी कोण घेतो, हे पाहिले की पुरे.

संत थॉमस मोअर यांची आठवण येथे पुन्हा होते. १५३४ साली राजाने त्यांच्यासमोर शपथ ठेवली. इतरांनी घेतली होती. ‘नुसते शब्द आहेत, राजाने सांगितले म्हणून म्हटले’ असे म्हणून त्यांनाही सुटता आले असते. पण आपल्या तोंडचा शब्द आपलाच असतो, असे त्यांनी मानले आणि जुलै १५३५ मध्ये मृत्यू पत्करला. आपल्या सहीकडे, आपल्या गप्प बसण्याकडे आपण तसे पाहतो का?

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. २०१२ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरात, वाहने उभी करण्याच्या एका जागेखाली तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडे सापडली. मार्च २०१५ मध्ये त्यांचे तेथे सन्मानाने दफन झाले. त्या आठवड्यात कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी तेथील कॅथलिक चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली. ज्याला पाचशे वर्षे नाटकांनी आणि चित्रांनी दोषी ठरवले, त्याच्यासाठीही प्रार्थना झाली. पुतण्यांचे काय केलेस, हा प्रश्न मिटला म्हणून ती झाली नाही. तो प्रश्न तसाच असताना झाली. आपणही राघोबांसाठी, आनंदीबाईंसाठी, आपल्याशी वाकडे वागलेल्या भाऊबंदांसाठी प्रार्थना करू शकतो. ते मेले आहेत. त्यांना आता काही परत करता येत नाही.

आपल्याला येते. वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. आपले भावाविरुद्ध काय आहे हे त्याने विचारले नाही, भावाचे आपल्याविरुद्ध काय आहे हे विचारले. या रविवारी मिस्सा संपवून घरी जाताना वाटेत कोणाचे दार लागते, ज्याच्यासमोरून आपण मान खाली घालून जातो, ते आठवू या. आणि आत जाऊन बसू या. ‘मी तसे म्हणालो नव्हतो’ एवढे एक वाक्य मात्र बाहेर ओट्यावर ठेवून जाऊ या.